बाई, बिबट्या आणि बालाघाटाचा कातळ : एक कल्पनाचित्र रंगवताना

अंबाजोगाईच्या घरी ओसरीवर बसून मी एक चित्र रंगवत होतो. हातात तलवार घेतलेली बाई आणि तिच्या पायाशी वाघ. आजी शेजारी गहू निवडत बसली होती. सुपातला हात थांबवून तिने चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई बेस काढलीस, पर वाघ बांधून ठेवल्यावानी दिसायलाय."

चित्रात साखळी नव्हती की दोरी नव्हती, तरी तिचं म्हणणं खरं होतं. बाईचा हात वाघाच्या डोक्यावर होता, कुत्र्याला थोपटावं तसा. वाघाच्या पंजांखाली सावली नव्हती. उजेड बाईवर डावीकडून पडत होता आणि वाघावर समोरून, कारण दोघं दोन वेगळ्या फोटोंतून आलेली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून काम करतो. कल्पनाचित्रात खोटं एकच असावं, बाकी सगळं खरं. बाई आणि हिंस्र जनावर एकमेकांना टेकून बसलेत, एवढं खोटं पुरेसं आहे. दगड, ऊन, कापड, वजन, घाम, केस हे सगळं इतकं खरं हवं की पाहणाऱ्याने त्या एका खोट्यावरही विश्वास ठेवावा. पुढे जे लिहितोय ते २४ × ३६ इंचांच्या उभ्या कॅनव्हासवर, तेलरंगात. अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करणाऱ्यांसाठी मधे मधे सांगेनच.

आधी पाहून या

मराठवाड्यात राहणाऱ्याला या विषयासाठी लांब जावं लागत नाही. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या जैन लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. ती लढत नाही, शस्त्र उगारत नाही. पाय मोडून निवांत बसली आहे आणि तिच्याखालचा सिंहही निवांत आहे. बाई आणि जनावर यांच्यातलं नातं हातवारे न करता कसं दाखवावं, ते तिथे तासभर बसून समजतं. मग कैलास लेण्याच्या मंडपाचं छप्पर वरच्या बाजूने पाहा. मधल्या कमळाभोवती चार सिंह चालताहेत. त्यांचे खांदे आणि मागच्या पायांचा रेटा वहीत उतरवून घ्या. आयाळीचे वळसे आणि चेहरे घेऊ नका, ते शिल्पकाराच्या परंपरेतले आहेत. आपल्याला त्यांच्याकडून फक्त तोल घ्यायचा आहे.

सावळ्या कातडीसाठी अजिंठ्याचं पहिलं लेणं. पद्मपाणीचा चेहरा पाहताना कडेकडे गडद होत जाणारा रंग आणि नाकाच्या दांड्यावरचा उजळ फटकारा नीट बघा. गोलाई रेषेने नाही, रंगाच्या चढउताराने आणलेली आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, आणि आत अंधार असल्याने मोबाइलवरचे फोटो रंगाबाबत फसवतात. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग वहीत शब्दांनी रंग लिहून ठेवा. "गालाखाली हिरवट तपकिरी, कानाजवळ लालसर" असं लिहिलेलं घरी आल्यावर फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एक मात्र पक्कं ठरवून घ्या. आपण देवी काढत नाही. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाच्या हातून शस्त्रधारी बाई काढताना नकळत प्रभावळ येते, कपाळावर मळवट येतो, चेहरा सम आणि निर्विकार होतो. देवीचं चित्र हा वेगळा विषय आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. आपली बाई मर्त्य आहे. तिला दोनच हात आहेत, तिची टाच भेगाळलेली आहे, तिच्या बाहीला ठिगळ आहे. ती हरू शकते, म्हणून तिचं धैर्य दिसतं.

बिबट्याच का, आणि केवढा

वाघ मराठवाड्यात पाहुणा आहे. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ गौताळ्याच्या जंगलात कॅमेऱ्यात सापडला, तेव्हा त्याची बातमी झाली. बिबट्या मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगांत राहतो. आमच्या डोंगराच्या रंगात, वाळल्या गवतात आणि काळ्या दगडाच्या सावलीत तोच मुरतो. म्हणून मी बिबट्या घेतो. तुम्हाला वाघ घ्यायचा असेल तर घ्या, पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. ठिपक्यांच्या जागी पट्टे येतील एवढंच.

आता मापं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि चित्र तिथेच बिघडतं. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६० ते ७० सेंटिमीटर असते. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईशेजारी तो उभा राहिला तर त्याचा खांदा तिच्या मांडीशी येतो. हे चित्रात दुबळं दिसतं. म्हणून मी त्याला दीडपट करतो. खांदा १०० सेंटिमीटरवर, तिच्या कमरेशी आला. उंची दीडपट झाली की वजन दीडपट होत नाही. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वाढतात, म्हणून वजन जवळजवळ साडेतीनपट होतं. ६० किलोचा बिबट्या २०० किलोचा झाला, म्हणजे वाघाच्या वजनाचा. तेव्हा पाय आणि पंजेही वाघाचे लागतील. नुसता फोटो मोठा करून उतरवला तर एवढं धूड इतक्या बारीक पायांवर पाहणाऱ्याला पटत नाही. का पटत नाही ते त्याला सांगता येणार नाही, पण डोळ्याला खटकतं. मनगटं जाड करा, पंजे रुंद करा, मान भरदार करा.

आता बाईला दगडावर बसवा. दगड ४५ सेंटिमीटर उंच धरला तर बसलेल्या बाईचा खांदा जमिनीपासून साधारण १०० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे बिबट्याच्या खांद्याइतकाच. दोघांचे चेहरे जवळजवळ एका पातळीवर आले. कोणी कोणाच्या पायाशी नाही. आजीच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

३६ इंचांच्या उंचीत दीड मीटरचं दृश्य बसवायचं तर कॅनव्हासचा एक इंच म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर. बाईचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण सव्वापाच इंच भरेल. रुंदी मात्र मीटरभरच मिळते आणि आपला बिबट्या शेपटी सोडून पावणेदोन मीटरच्या वर लांब आहे. तो आडवा मावणारच नाही. त्याला तिच्या पाठीमागून तिरपा, आपल्याकडे येताना दाखवा. मागचं अंग आखूड होत अंधारात जाईल, डोकं आणि पुढचे पाय मोठे दिसतील. शेपटी खालून पुढे वळवून आणा. मोठ्या मांजरांत बिबट्याची शेपटी चांगली लांब असते, आणि रिकामा राहिलेला खालचा कोपरा ती एकटी सांभाळते.

हे सगळं आधी ६ × ९ इंचांच्या कागदावर करा. त्यावर एक इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर चार इंचांचे. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ही रीत माहीत असते आणि तिच्यात काहीही कमीपणा नाही. लहान चित्रं निदान दहा काढा. मी पंधरा-वीस काढतो.

कातड्याखालचं जनावर

घरचं मांजर हा सर्वांत चांगला गुरू. त्याच्या मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, टाच आहे. मांजरकुळातली सगळी जनावरं बोटांवर चालतात. गुडघा वर, पोटाजवळ असतो. पुढच्या पायाला जमिनीवर चार बोटं टेकतात आणि पाचवं थोडं वर असतं, मागच्या पायाला चारच. नखं आत ओढलेली असतात, तेव्हा स्वस्थ बसलेल्या जनावराची नखं बाहेर काढून दाखवू नका.

मांजर आणि बिबट्या यांच्यातला मोठा फरक डोळ्यांत आहे. मांजराची बाहुली उन्हात उभी चीर होते, बिबट्याची आणि वाघाची गोलच राहते, फक्त लहान होते. बिबट्याला उभी चीर काढली की तो मोठं मांजर दिसायला लागतो. कान लहान, गोल, एकमेकांपासून दूर. कानांची मागची बाजू काळी आणि मधे फिकट ठिपका. नाकाडाची पेटी रुंद असते, तिला समोर, वर आणि दोन बाजू अशा चार पाट्या आहेत असं समजून काढा, मग गोल करा.

चालताना खांद्याची हाडं पाठीच्या रेषेवर आळीपाळीने वर येतात. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पिंजऱ्यात येरझारा घालणाऱ्या पट्टेरी वाघासमोर मी चार दुपारी फक्त हेच काढलं. वजन ज्या पायावर आहे त्याचा खांदा वर, दुसरा खाली. आपल्या बिबट्याने तिच्या पाठीला कूस टेकवली आहे, म्हणजे त्याचा पलीकडचा खांदा सैल आणि खाली हवा. आणि तिची घोंगडी त्या जागी दाबली जाऊन वळ्या पडलेल्या हव्यात. हे टेकणं चित्राचा जीव आहे. तिचा हात त्याच्या डोक्यावर नको. माझ्या चित्रात तिची बोटं उलटी, मागच्या बाजूने त्याच्या मानेच्या केसांत सहज बुडालेली आहेत, तिचं तिकडे लक्षही नाही. ती डावीकडे लांब बघते. तो आपल्याकडे बघतो.

बाई

इंटरनेटवर योद्धा स्त्री शोधली तर धातूचे चार तुकडे अंगावर अडकवलेल्या, कधी ओझं न उचललेल्या बाया दिसतात. ते मला अजिबात मान्य नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे हात पाहिलेत का? मनगटापासून कोपरापर्यंत ताणलेल्या शिरा, रुंद तळवा, मोळी डोक्यावर चढवताना मानेच्या दोन्ही बाजूंना उठणारे स्नायू. शस्त्र पेलणारं शरीर ते आहे. माझ्यासाठी शेजारची तालमीत जाणारी मुलगी बसली. तिच्या आईच्या परवानगीने आणि तिच्या समोरच गच्चीवर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा असे सहा दिवस काम केलं. एका वेळी वीस मिनिटं, मग विश्रांती. बसणाऱ्याला मोबदला द्या.

कपडे असे निवडा की त्यांत खरंच लढता येईल. कासोटा घातलेलं लुगडं घोड्यावर चालतं, दगडावर चढताना चालतं. वर साखळ्यांचं चिलखत, त्यावर एका खांद्यावरून घोंगडी. गळ्यात कवड्यांची माळ. भवानीच्या आराध्यांमुळे ती इथल्या प्रत्येकाला ओळखीची आहे, आणि पांढऱ्या कवड्या सावळ्या गळ्यावर उजेडाचे छोटे तुकडे होऊन बसतात. कमरेला लमाणी भरतकामाचा पट्टा दिला तर आरशांमध्ये आभाळाचा रंग पकडता येतो. पण आरसे पाच-सहाच चमकवा. हातात मी विटा देतो, म्हणजे दोरी लावलेला भाला. दोरी मनगटाला बांधलेली असल्याने फेकलेला भाला परत ओढता येतो. चित्राला तिरपी रेषा मिळते आणि दोरीचा सैल वळसा तिच्या ताठ बसण्याला मोकळा करतो. दांडपट्टाही सुंदर असतो, पण तो हात कोपरापर्यंत झाकतो आणि ज्या हातासाठी आपण एवढं पाहिलं तोच दिसेनासा होतो.

कॅनव्हास, तेल आणि एक धोका

तयार कॅनव्हासवरही जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, आणखी दोन हात मारून बारीक पॉलिश पेपर फिरवा. चेहऱ्याला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. रंग थोडेच : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, टिकाऊ प्रकारातला अ‍ॅलिझरिन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून होणारा काळा हवा तेव्हा उबदार आणि हवा तेव्हा थंड करता येतो.

आपल्याकडे जवस पिकतं, घाण्यावर तेल मिळतं, म्हणून ते रंगात वापरावंसं वाटतं. वापरू नका. चित्रासाठीचं जवस तेल शुद्ध केलेलं असतं, खाण्याच्या तेलातला चिकट अंश रंग खराब करतो. आणि हे मनापासून सांगतो : जवस तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती कोंडून आपोआप आग लागू शकते. त्यात आमच्याकडचा मे महिना. चिंध्या पाण्याच्या डब्यात टाका किंवा बाहेर दोरीवर सुट्या पसरून वाळवा.

अ‍ॅक्रिलिकवाल्यांची अडचण वेगळी, त्या उन्हाळ्यात रंग ताटातच वाळतो. स्टीलच्या ताटात ओलं सुती फडकं अंथरून त्यावर बटर पेपर ठेवा आणि रंग त्यावर काढा. दिवसभर टिकतो.

तपकिरी थर

रेखाटन झालं की बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळा कॅनव्हास मधल्या छटेचा करा. मग उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढा, सावल्या त्याच रंगाने गडद करा. या टप्प्यावर ठिपके नाहीत, कवड्या नाहीत, डोळ्यांची बुबुळंही नाहीत. फक्त उजेड कुठे आणि अंधार कुठे.

माझा उजेड वैशाखातला, संध्याकाळी सहाचा, डावीकडून. केशरी ऊन आणि सावलीत आभाळाचा निळसरपणा. बिबट्याचं मागचं अंग जवळजवळ पूर्ण सावलीत, चेहऱ्याची एक बाजू उन्हात. तिची सावली त्याच्या छातीवर पडलेली हवी. ही एक सावली दोघांना एका जागी आणते, आणि दोन फोटो जोडल्याची भावना तिनेच जाते. पंजांखाली, बोटांच्या फटीत सर्वांत गडद रंग भरा. दहा फुटांवरून बघा. इथे चित्र उभं राहिलं नसेल तर पुढचा रंग त्याला वाचवणार नाही. पुसून पुन्हा करा.

हा थर मे महिन्यात माझ्याकडे दुसऱ्या दिवशी कोरडा होतो, श्रावणात चार-पाच दिवस घेतो. यापुढचे थर हळूहळू जास्त तेलाचे करत जा. खाली तेलकट आणि वर पातळ असं झालं की चित्राला भेगा जातात.

ठिपके

नवशिके आधी ठिपके काढतात आणि मग त्यांच्यामध्ये पिवळा भरतात. असं केलं की जनावर सपाट चादर होतं. आधी ठिपक्यांशिवायचा बिबट्या पूर्ण रंगवा. उन्हातलं अंग यलो ऑकर, सिएना आणि पांढरा, सावलीतलं अंबर आणि अल्ट्रामरीन, पोट आणि हनुवटीखाली पांढरं, पण सावलीत असल्याने प्रत्यक्षात करडं-निळसर. तांबड्या मुरमाचा उजेड खालून पोटावर उसळतो, तो विसरू नका.

तो थर ओलसर असतानाच ठिपके. डोकं, गळा आणि पायांवर भरीव ठिपके, कूस आणि पाठीवर मधे मोकळी असलेली तुटक कडी. कड्याच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा किंचित गडद असतो. मधे आणखी ठिपका टाकू नका, तो अमेरिकेतल्या जॅग्वारचा. अंग जिथे वळतं तिथे कडी चपटी होत जातात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उन्हातला ठिपका काळा नसतो. तो उबदार तपकिरी असतो, कधी कधी सावलीतल्या पिवळ्यापेक्षाही उजळ. हे एकदा डोळ्याला दिसलं की बिबट्याच्या अंगावर ऊन पडतं.

केस एकेक काढायचे नाहीत. नाकापासून कपाळाकडे, गालावरून मागे, पाठीवरून शेपटीकडे अशी केसांची दिशा आहे. त्या दिशेने चपट्या जुन्या ब्रशचा फटकारा द्या. बारीक केस फक्त दोन ठिकाणी, उजेड आणि सावलीच्या सीमेवर आणि जिथे तिची बोटं बुडाली आहेत तिथे.

सावळी कातडी

तिच्या चेहऱ्यासाठी पांढरा रंग जपून वापरा. सावळा रंग उजळायला पांढरा घातला की कातडी राख फासल्यासारखी होते. सिएना आणि ऑकरने उजळवा, पांढरा शेवटी टिचकीभर. कपाळ पिवळसर, गाल, नाक आणि कानाच्या पाळ्या लालसर. सावलीत अंबर, अ‍ॅलिझरिन आणि थोडा अल्ट्रामरीन. सावळ्या कातडीवरची चमक गोऱ्या कातडीपेक्षा लहान, तीव्र आणि थंड असते, कारण तिच्यात आभाळ दिसतं. घामाने ती आणखी धारदार होते. नाकाचा शेंडा, खालचा ओठ, गळपट्टीचं हाड, बस्स. भुवईवर जुन्या जखमेची एक रेघ मी देतो, तिथे केस उगवत नाहीत.

चिलखताच्या कड्या मोजत बसू नका. गडद करड्या रंगावर उन्हाच्या कडेला तेवढ्याच कड्या उमटवा. भाल्याच्या पात्यावर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद रंग एकमेकांना चिकटून येतात, मधली छटा जवळजवळ नसते.

मागची बाजू पटकन संपवा. बालाघाटाची सपाट कडा, धुळीत विरलेली, कडांवर मऊ. एखादा पळस चालेल, पण वैशाखात त्याला फुलं नसतात, पानं असतात.

शेवटी डोळे आणि मिशा. बिबट्याच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका तिच्या डोळ्यातल्या ठिपक्याच्याच बाजूला, डावीकडे वर. मिशांसाठी लांब केसांचा रिगर ब्रश, रंग तेलाने पातळ, आणि हात खांद्यातून हलवून एका दमात रेघ. आठ-दहा पुरेत. त्यातली एक तिच्या घोंगडीवरून पुढे येऊ द्या.

वॉर्निश सहा महिने ते वर्षभर थांबून. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, जवस तेल अंधारात पिवळं पडतं. उन्हाची तिरीप थेट येणार नाही अशा उजेडाच्या खोलीत टांगून ठेवा.